पाऊण डॉलर आणि अर्धा सेकंद

कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या मागच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संगणक विभागात क्लिफर्ड स्टोल काम करू लागले. मुळात ते खगोलशास्त्रज्ञ. केक दुर्बिणीच्या रचनेवर काम करत होते. त्या कामाचे पैसे संपले आणि प्रयोगशाळेने त्यांना संगणक सांभाळायला पाठवले. तिथे पहिल्याच दिवसांत एक किरकोळ काम त्यांच्याकडे आले. संगणक वापरणाऱ्या शास्त्रज्ञांना वापराच्या वेळेनुसार बिल लागत असे. त्या महिन्याच्या दोन-अडीच हजार डॉलरच्या हिशेबात पंचाहत्तर सेंट जुळत नव्हते.

पाऊण डॉलर खिशातून टाकून विषय मिटवता आला असता. स्टोल यांनी उलटा विचार केला. हजार डॉलरची तफावत असती तर चूक ढोबळ असणार आणि चटकन सापडणार. इतकी बारीक तफावत म्हणजे काहीतरी खोलवर अडकलेले आहे. हिशेब ठेवणारे प्रोग्राम दोन होते, एक युनिक्सचा स्वतःचा आणि दुसरा प्रयोगशाळेत लिहिलेला. दोन्ही तपासले, दोन्ही बरोबर निघाले. 'हंटर' नावाच्या एका खात्यावरून मात्र काही सेकंद संगणक वापरला गेला होता आणि त्या खात्याला बिल पाठवायचा पत्ताच नव्हता. ते खाते रीतसर उघडलेलेच नव्हते.

सर्व्हर सांभाळणे म्हणजे काय, ते या प्रसंगातून जितके कळते तितके कुठल्याही व्याख्येतून कळत नाही. यंत्र बसवणे, बॅकअप घेणे, अपडेट टाकणे ही कामे पुस्तकावरून शिकता येतात. आपल्या यंत्राचे रोजचे वागणे मात्र इतके ओळखीचे व्हावे लागते की त्यातला जरासा बदलही खटकला पाहिजे. आणि खटकल्यावर तळापर्यंत जाण्याची वाट मोकळी असावी लागते. युनिक्सच्या घराण्यात, आजच्या लिनक्समध्ये आणि फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडीमध्ये, ही वाट मोकळी आहे. कोण कधी आणि कुठून आत आले, कुठला प्रोग्राम किती वेळ चालला, कुठल्या पोर्टवर कोण ऐकत बसले आहे, हे सगळे ॲडमिनला साध्या कमांड देऊन वाचता येते. तेवढ्याने भागले नाही तर प्रोग्रामचा सोर्स कोडच उघडता येतो. या मोकळेपणाची किंमत चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा दिसली आहे, आणि त्याच्या मर्यादाही.

स्टोल यांनी पुढे जे केले ते आजही थरारक वाटते. प्रयोगशाळेत बाहेरून येणाऱ्या मोडेमच्या पन्नासेक लाइन होत्या. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी सहकाऱ्यांच्या खोल्यांतून प्रिंटर आणि टर्मिनल गोळा केली, लाइनींना जोडली आणि तिथेच पथारी पसरली. लाइनवरचे प्रत्येक अक्षर आता कागदावर उमटणार होते. हीच नोंद संगणकात ठेवली असती तर घुसखोराला ती दिसली असती, पुसताही आली असती. कागदापर्यंत त्याचा हात पोचणार नव्हता. आजही सुरक्षेची काळजी घेणारे ॲडमिन महत्त्वाचे लॉग त्याच सर्व्हरवर न ठेवता लगोलग दुसऱ्या यंत्राकडे पाठवतात, ते याच कारणासाठी.

कागदावर जे उमटले त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, त्याने सर्वाधिकार कसे मिळवले. जीएनयू ईमॅक्स या मुक्त मजकूर-संपादकासोबत 'मूव्हमेल' नावाचा छोटा प्रोग्राम येत असे. ईमेलची फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलवणे एवढेच त्याचे काम. प्रयोगशाळेत तो 'रूट'चे, म्हणजे सर्वोच्च अधिकार देऊन बसवलेला होता, आणि फाइल कुठे टाकली जाते आहे हे तो पाहतच नव्हता. दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा एक सिस्टिम प्रोग्राम होता. त्याच्या जागी घुसखोराने आपला प्रोग्राम ठेवला. पाच मिनिटांच्या आत यंत्राने तो सर्वाधिकारासह चालवला. काम झाल्यावर त्याने मूळ प्रोग्राम जागच्या जागी परत ठेवला.

दुसरी गोष्ट अधिक मजेची. आत आल्याबरोबर तो चालू प्रोग्रामची यादी पाही. त्यासाठी 'पीएस' ही कमांड देताना तो 'ई, ए, एफ, जी' ही अक्षरे जोडी. त्यातल्या 'एफ'ची बर्कलीच्या युनिक्सवर गरज नव्हती. ती सवय युनिक्सच्या दुसऱ्या शाखेवर, एटीअँडटीच्या युनिक्सवर, शिकलेल्याची. म्हणजे हा माणूस बर्कलीच्या वळणाचा नव्हता. बोलीवरून गाव ओळखावे तसे एका अक्षरावरून त्याचे घराणे ओळखले गेले.

पुढचा माग काढायला कित्येक महिने गेले. लाइनवर तो फार वेळ थांबत नसे, आणि तेवढ्यात टेलिफोन कंपन्यांना जोडणी शोधता येत नसे. शेवटी स्टोल यांनी खोट्या लष्करी प्रकल्पाची लांबलचक कागदपत्रे तयार करून संगणकात ठेवली. ती वाचत तो बसून राहिला आणि जोडणी पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचली. माणसाचे नाव मार्कुस हेस. अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत केजीबीला विकणाऱ्या टोळीतला तो होता. १९९० मध्ये तो आणि त्याचे साथीदार दोषी ठरले.

स्टोल यांचा हिशेब चुकला त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत, दुसऱ्या एका माणसाला वेगळीच तफावत छळत होती. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळा आणि खालचे विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग एकाएकी कोसळला. अंतर सुमारे चारशे यार्ड, मध्ये मोजकेच टप्पे, आणि वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर. तारा शाबूत होत्या, यंत्रे चालू होती. तरी एक ओळ पोचायला मिनिटे लागत होती.

व्हॅन जेकबसन यांनी याचा पिच्छा पुरवला. इंटरनेटवर माहिती छोट्या पॅकेटांतून जाते. पॅकेट पोचल्याची पोच ठराविक वेळात आली नाही तर पाठवणारे यंत्र ते हरवले असे समजून पुन्हा पाठवते. एरवी ही पद्धत उत्तम चालते. पण गर्दी झाली की काही पॅकेटे वाटेत टाकली जातात आणि बरीचशी हरवत नाहीत, नुसती उशिरा पोचतात. आणि उशीर झाला म्हणून सगळी यंत्रे तीच पॅकेटे पुन्हा ओततात. गर्दी वाढते, उशीर वाढतो, आणखी पॅकेटे ओतली जातात. अखेर तारेतून जाणाऱ्या डेटात नवे असे जवळपास काही उरत नाही.

जेकबसन यांचे सहकारी होते बर्कली युनिक्सचे माइक कॅरल्स. दोघांनी मिळून जो उपाय काढला त्यात नवी तार लागली नाही, नवे यंत्र लागले नाही. टीसीपी, म्हणजे पॅकेटे पाठवण्याचा आणि पोच देण्याचा नियम, तोही बदलला नाही. बदलले ते फक्त पाठवणाऱ्याचे वागणे. सुरुवात एका पॅकेटने करायची. पोच येत जाईल तशी संख्या वाढवायची. पॅकेट हरवले तर ते गर्दीचे लक्षण मानून लगेच हात आखडायचा. पोच यायला किती वेळ लागतो याचा अंदाज सरासरीवरून काढायचा, पण त्या सरासरीतला चढउतारही मोजायचा. हे बदल बर्कली युनिक्समध्ये शिरले आणि १९८८ मध्ये जेकबसन यांनी ते शोधनिबंधात मांडले. आज घरातला फोन एखादा व्हिडिओ उतरवतो तेव्हा पाठवणारा सर्व्हर गर्दीचा अंदाज घेत वेग कमी-जास्त करतो. त्यासाठी आता अधिक नवी गणितेही वापरात आहेत, पण कल्पनेचा पाया तोच.

हे शक्य झाले कारण नेटवर्कचा कोड त्यांच्या समोर होता. १९८३ च्या ४.२बीएसडीपासून बर्कलीच्या युनिक्समध्ये टीसीपी/आयपी अंगभूत होते, आणि परवाना असलेल्या विद्यापीठांना व प्रयोगशाळांना त्याचा सोर्स मिळे. मात्र तो पूर्ण मुक्त नव्हता. त्यात एटीअँडटीचा कोड मिसळलेला होता. बर्कलीने १९८९ मध्ये नेटवर्कचा भाग वेगळा काढून कुणीही वापरावा असा दिला. नंतर जवळजवळ सगळी प्रणाली तशीच खुली केली, तेव्हा कोर्टकज्जा झाला. १९९४ मध्ये तो मिटला: अठरा हजारांच्या आसपास फायलींपैकी तीन काढून टाकाव्या लागल्या. तोवर फिनलंडच्या लिनस टॉर्व्हाल्ड्सच्या लिनक्सने जोर धरला होता. तो इतिहास मोठा आहे. इथे एवढेच पुरे की फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी ही भावंडे याच वारशातून आली.

तपासाच्या त्या वर्षांनी ॲडमिनच्या हातात साधने ठेवली, आणि ती अजून त्याच नावांनी वापरात आहेत. 'पिंग' त्याआधीचे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांनी नेटवर्क विचित्र वागते म्हणून एका संध्याकाळी सुमारे हजार ओळी लिहिल्या: एक पॅकेट पाठवायचे आणि ते परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. जेकबसन यांनी लिहिलेले 'ट्रेसराउट' त्याहून चतुर. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाल्यावर पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. पॅकेट फिरतच राहू नये म्हणून केलेली ही सोय. ट्रेसराउट मुद्दाम आकडा एक ठेवून पॅकेट पाठवते, म्हणजे पहिला राउटर उत्तर देतो. मग दोन, मग तीन. अशी वाटेवरची यंत्रे एकेक करून आपला पत्ता सांगत जातात. नियमात एक अक्षरही न बदलता, त्याच नियमाकडून नकाशा काढून घेतलेला आहे. यातली बुद्धी पाहून आनंद होतो.

लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतच जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी 'टीसीपीडंप' लिहिले. तारेवरून जाणारी पॅकेटे ते जशीच्या तशी दाखवते. आणि ते चालवल्यावर कुणाच्याही लक्षात येईल अशी एक भयंकर गोष्ट त्यात दिसे: लोकांचे पासवर्ड. त्या काळी दूरच्या यंत्रात शिरायला टेलनेट वापरत, आणि टेलनेट पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवी.

दरम्यान २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एक आपोआप पसरणारा प्रोग्राम सोडला. अंदाजे सहा हजार यंत्रे त्याने जायबंदी केली. तो शिरला त्यातल्या दोन फटी शिकण्यासारख्या आहेत. सेंडमेल या मेल सर्व्हरमध्ये दुरुस्तीसाठी ठेवलेली एक सोय कित्येक ठिकाणी उघडीच राहिली होती. आणि 'फिंगर' सेवा येणारा मजकूर ५१२ अक्षरांच्या जागेत घेई, तो किती लांब आहे हे न मोजताच. जास्तीची अक्षरे शेजारच्या मेमरीवर सांडत आणि यंत्र तीच आज्ञा समजून चालवी. सोर्स हाताशी असल्याने बर्कलीच्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी पहाटेच पहिल्या दुरुस्त्या बाहेर पाठवल्या. पण ते न मोजणारे फंक्शन त्याच सोर्समध्ये वर्षानुवर्षे सर्वांसमोर पडून होते, हेही तितकेच खरे.

पासवर्डचा प्रश्न १९९५ मध्ये सुटला. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपत असल्याचे उघडकीस आल्यावर तिथल्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. सगळे बोलणे कूटबद्ध, आणि समोरचे यंत्र खरोखर तेच आहे याची आधी खात्री. त्यांनी मागितलेला पोर्ट क्रमांक २२; २१ एफटीपीचा आणि २३ टेलनेटचा, मधली जागा रिकामी होती. पुढे त्यांच्या कंपनीच्या आवृत्त्यांवर परवान्याची बंधने वाढली. तेव्हा ओपनबीएसडीच्या लोकांनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच उभे केले आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये ते ओपनबीएसडी २.६ बरोबर आले.

ओपनबीएसडीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. थिओ डी राट यांनी कॅनडातल्या कॅलगरीहून चालवलेला हा प्रकल्प संख्येने छोटा आहे. पण चूक सापडली की ती एका जागी दुरुस्त करून न थांबता तशीच चूक संपूर्ण कोडमध्ये आणखी कुठे आहे हे शोधायचे, ही त्यांची शिस्त. २००२ मध्ये नील्स प्रोव्होस यांच्या कामातून ओपनएसएसएचचे दोन तुकडे झाले. अनोळखी माणसाशी बोलणारा भाग जवळजवळ बिनअधिकाराचा. अधिकार असलेला भाग छोटासा, मागे उभा राहून नेमक्या विनंत्यांनाच उत्तर देणारा. चूक होणारच असे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. जगभरचे ॲडमिन आज ज्या दारातून आपापल्या सर्व्हरमध्ये शिरतात ते दार बहुतेक ठिकाणी हेच आहे.

म्हणूनच २०२४ मध्ये कुणीतरी याच दाराकडे नजर वळवली.

'एक्सझेड' हे फायली लहान करणारे साधन. लिनक्सच्या असंख्य पॅकेजांत ते वापरले जाते. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षे फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ पासून जिया टान नावाच्या कुणीतरी त्यात मदत सुरू केली. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर दबाव आणला: काम फार सावकाश चालले आहे, दुसऱ्या कुणाला जबाबदारी द्या. हा छंद म्हणून चालवलेला प्रकल्प आहे, असे त्यांनी उत्तर दिले. हळूहळू टानला अधिकार मिळाले. हे नाव कुणाचे, ते आजवर उघड झालेले नाही.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. तो उघड्या कोडमध्ये नव्हता. घातक भाग चाचणीसाठीच्या बिघडलेल्या फायली म्हणून ठेवला होता, आणि त्याला जागे करणारी ओळ फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती, सार्वजनिक कोडसाठ्यात नाही. ओपनएसएसएच स्वतः एक्सझेड वापरत नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्यांनी सेवा सुरू झाल्याची वर्दी सिस्टिमडीला, म्हणजे सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, देण्यासाठी त्यात एक लायब्ररी जोडली होती, आणि ती लायब्ररी एक्सझेडला सोबत आणत होती. एवढ्या लांबच्या वाटेने चोरदरवाजा दारापर्यंत पोचला. ज्याच्याकडे ठरलेली किल्ली आहे त्याला त्यातून त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. त्यांना एका डेबियन यंत्रावर बारीक मोजमापे घ्यायची होती, त्यासाठी यंत्र शांत हवे होते. पण एसएसएचच्या प्रक्रिया अकारण प्रोसेसर खात होत्या. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर अनोळखी यंत्रे दिवसरात्र खोट्या नावांनी दार ठोठावत असतात. खोटे नाव झटक्यात नाकारले जायला हवे. इथे नाकारायलाच वेळ लागत होता. त्यांनी मोजले: ०.३ सेकंदांच्या जागी ०.८. हा जादा अर्धा सेकंद कुठे जातो हे पाहताना तो एक्सझेडच्या लायब्ररीत जातो असे दिसले, तेही ज्याला नाव लावता येत नाही अशा कोडमध्ये. काही आठवड्यांपूर्वी मेमरी तपासणाऱ्या व्हॅलग्राइंडने दिलेल्या विचित्र तक्रारी त्यांना आठवल्या. मग गठ्ठा आणि सार्वजनिक कोड शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळे जाहीर केले.

डेबियनची स्थिर आवृत्ती आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स यांत त्या आवृत्त्या अजून पोचल्या नव्हत्या; चाचणी शाखांत पोचल्या होत्या. उबुंटूने आपली २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजे नव्याने बांधली.

सोर्स खुला असला की हजारो डोळे त्याच्यावर असतात, असे अभिमानाने सांगितले जाते. एक्सझेडवर ते डोळे नव्हते. एक थकलेला माणूस होता, आणि त्याच्या थकव्याचाच वापर झाला. ज्या कंपन्यांचा कारभार अशा साधनांवर चालतो त्यांनी सांभाळणाऱ्यांना पैसा आणि सोबत दोन्ही देणे हे त्यांचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. तरीही फ्रॉइंड तळापर्यंत पोचू शकले, ते मोजमापाचे साधन, लायब्ररीचा कोड, पॅकेजचा गठ्ठा यांपैकी काहीही बंद नव्हते म्हणून. बंद प्रणालीत त्यांना फार तर तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहावी लागली असती.

मे महिन्याच्या अखेरीस कॉलिन यांनी स्वच्छ केलेली ५.६.२ काढली. १ जुलैला ओपनएसएसएच ९.८ आले. त्यात सिस्टिमडीला वर्दी देण्याची सोय बाहेरच्या लायब्ररीवाचून, स्वतःच्या कोडमध्ये लिहिलेली होती. त्याच दिवशी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधलीच दुसरी एक फट उघड केली. २००६ मध्ये बुजवलेली ही चूक २०२० मधल्या एका बदलात नकळत परत आली होती आणि लिनक्सवर तिचा गैरवापर शक्य होता, ओपनबीएसडीवर नव्हता. तिची दुरुस्तीही ९.८ मध्येच होती. त्या आठवड्यात ॲडमिन मंडळींनी 'एसएसएच' या कमांडला कॅपिटल 'व्ही' हे अक्षर जोडून आपापल्या सर्व्हरवरच्या ओपनएसएसएचची आवृत्ती पाहिली आणि जिथे जुनी निघाली तिथे अपडेट चढवायला घेतले.